पोटाला मार लागला, तर...

मैत्रिणींनो, मुलाचा गुडघा फुटला की रक्त दिसतं आणि आपण हळद घेऊन धावतो. पण पोटाला मार बसला आणि वर साधा ओरखडाही नसेल, तर? "मुका मार आहे, होईल बरा," म्हणून आपण सोडून देतो. मीही तेच करणार होते.

दिवाळीच्या सुट्टीत आमचा धाकटा सायकलवरून पडला. हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली रुतलं. कातडीवर रुपयाएवढा लाल वळ, बाकी काही नाही. थोडं रडला आणि लाडू मागू लागला. सासूबाई कोमट तेलानं पोट चोळायला बसल्या. तेवढ्यात तो म्हणाला, "आई, डावा खांदा दुखतोय गं." खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं! शेजारच्या नर्सबाईंनी हे ऐकलं मात्र, सासूबाईंचा हात थांबवला आणि आम्हाला रिक्षात बसवलं.

डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. तिला चीर पडून रक्त वर श्वासपटलाला लागलं, की दुखणं खांद्यात उमटतं.

सोनोग्राफी म्हणजे गरोदरपणातली तपासणी, एवढंच आपल्याला ठाऊक. पण इथे यंत्र खाटेजवळच आणलं. डॉक्टरांनी चार जागा पाहिल्या: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, खाली मूत्राशयामागे आणि हृदयाभोवती. पोटात सांडलेलं रक्त या खोलगट जागी साचतं आणि पडद्यावर काळं दिसतं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पाच मिनिटांचं काम. पूर्वी, १९६५ पासून, यासाठी बेंबीखाली छेद घेऊन नळी घालत आणि पोट सलाइननं धुऊन त्यात रक्त येतं का ते पाहत.

तपासणीत काहीच निघालं नाही. मी पिशवी उचलली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आज घरी न्यायचं नाही." मला जरा रागच आला, उगाच बिल वाढवताहेत असं वाटलं. तीन तासांनी त्यांनी पुन्हा यंत्र लावलं. या खेपेला प्लीहेजवळ काळी रेघ होती. माझे हातपाय गळाले.

साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे फुलपात्रभर रक्त साचेपर्यंत ते सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाही. म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी दुसरी करावी लागते. आतडं फाटलं किंवा स्वादुपिंडाला इजा झाली, तरी ती यात निसटू शकते. चीर नेमकी केवढी, ते मग सीटी स्कॅननं कळलं. रक्तदाब ठीक होता, म्हणून ऑपरेशन टळलं. मुलांची प्लीहा बहुधा विश्रांतीनं सांधते, आणि रोगप्रतिकारासाठी ती वाचवलेली बरी. पाच दिवस खाटेवर आणि पुढे काही आठवडे सायकल बंद, एवढ्यावर निभावलं.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

पोटाला जोराचा मार बसला तर पोट चोळू नका, शेकू नका. डॉक्टरांनी पाहेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. चेहरा पांढरा पडणं, थंड घाम, उलटी, पोट फुगणं किंवा कडक होणं, घेरी, खांदेदुखी, लाल लघवी, यांतलं एक जरी दिसलं तरी तडक इस्पितळ गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गरोदर बाईनं बरं वाटत असलं तरी दाखवावंच. सोनोग्राफीनं बाळाला अपाय होत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. घरातल्याच कुणाची लाथ पोटात बसलेली असते आणि बाई सांगते, "मोरीत पाय घसरला." निदान डॉक्टरांपाशी तरी खरं सांगा. मार कुठे आणि कशानं लागला, हे कळलं तरच त्यांना नेमकं शोधता येतं.

माझ्या मुलाच्या पोटावरचा तो वळ दोन दिवसांत गेला. आत काय चाललं होतं, ते वरून कधीच कळलं नसतं.