ओल्या कागदावरील स्मृति

छायाचित्र ही यंत्राची करणी, तींत हाताचें काय काम, असा समज अद्याप पुष्कळांचा आहे. त्यास छेद देणारा एक प्रकार अलीकडे आमच्या ठाकुर्लीस पाहावयास मिळाला. त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवितों.

एड्विन लँड या अमेरिकन संशोधकानें १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें, मिनिटभरांत हातीं पडणारें छायाचित्र शास्त्रज्ञांच्या सभेंत करून दाखविलें. १९४८ च्या अखेरीस त्याचा पोलरॉइड कॅमेरा बाजारांत आला. १९७२ पासून चौकटीच्या आंतच आपोआप उमटणारें चित्र निघालें. २००८ सालीं कंपनीनें ही फिल्म बंद करीत असल्याचें जाहीर केलें. परंतु कांहीं हौशी मंडळींनीं हॉलंडमधील एन्स्खेडे येथील कारखान्याचीं यंत्रें वांचविलीं, आणि २०१० पासून ती पुन्हां मिळूं लागली. या चित्राची दुसरी प्रत काढण्याजोगी निगेटिव्ह हातीं राहत नाहीं. एक तें एकच.

आतां हाताचें काम पाहा. अशा चित्राची चौकट कापतात, मागचा काळा थर सोडवितात आणि पुढचा पारदर्शक पापुद्रा कोमट पाण्यांत ठेवितात. मऊ कुंचल्यानें हळूहळू सोडविलें म्हणजे रंगांची पातळ साय सुटून पाण्यांत तरंगूं लागते. ती जलरंगाच्या जाड कागदावर झेलावयाची, पसरावयाची आणि वाळूं द्यावयाची. आंतील रासायनिक खळ दाहक असते, म्हणून हातमोजे अवश्य घालावे. साय कोठें दुमडते, कोठें फाटते; आणि फाटली म्हणजे मूळ चित्रही गेलेंच.

आमच्या शेजारची एक विद्यार्थिनी हा उद्योग करिते. त्यांचें जुनें बैठें घर पाडून तेथें इमारत व्हावयाची ठरली. आजी त्यापूर्वींच निवर्तली होती. घर सोडण्याच्या आदल्या दिवशीं मुलीनें देवघराचा कोनाडा टिपला. देव बांधाबांधींत निघून गेलेले, आणि रिकाम्या कोनाड्यावर निरांजनाच्या काजळीचा पट्टा तेवढा उरलेला. घर पडल्यावर तिनें तें चित्र कागदावर उतरविलें. कोनाड्यावरून एक दुमड गेली व उजवा कोपरा फाटला. दुसरें चित्र खाडीवरील सूर्यास्ताचें. तें अगदीं निर्दोष उतरलें होतें. “गुरुजी, प्रदर्शनास कोणतें देऊं? मैत्रिणी खाडीचें म्हणतात,” असें तिनें विचारिलें. कोनाड्याच्या चित्राखालीं तिनें आजीविषयीं आठ ओळीही लिहिल्या होत्या.

येथें मला शाकुंतलाचा सहावा अंक आठवला. दुष्यंतानें स्वतः काढिलेल्या चित्रांत तीन स्त्रिया आहेत. विदूषकानें शकुंतला कधींच पाहिलेली नाहीं; तरी यांतील शकुंतला कोणती, हें तो चित्रावरूनच ओळखतो. त्याच चित्रांत रेषांच्या कडेला राजाच्या घामेजल्या बोटांचे डाग आहेत आणि गालावर पडलेल्या अश्रूनें रंग फुगला आहे. डाग राजाच्या मनाची खूण देतात हें खरें. परंतु विदूषकास शकुंतला सांपडते ती तिच्या चित्रणामुळें. साहित्यशास्त्रकार ज्यास साधारणीकरण म्हणतात तें हेंच. एकाचें दुःख जोंवर सर्व सहृदयांचें होत नाहीं, तोंवर तें घरगुती दुःखच राहतें.

ही कसोटी मी दोन्ही चित्रांस लाविली. खाडीचें चित्र सुबक, पण तें कोणीही काढिलें असतें. कोनाडा मात्र आजीस न ओळखणाऱ्यासही सांगतो कीं, येथें कोणी रोज दिवा लावीत असे आणि आतां लावीत नाहीं. म्हणून त्या आठ ओळी अनावश्यक. त्या काढाव्या, असें मी सांगितलें. दुमड काजळीच्या पट्ट्यास समांतर गेल्यानें भिंतीचा खरबरीतपणा वाढला आहे. ती गुणच मानावी. फाटका कोपरा मात्र दोषच आहे. दृष्टि प्रथम तेथेंच जाते, आणि आजीवरील मायेनें त्याचा गुण होत नाहीं. तिला तें थोडें लागलें. पण खोटी स्तुति करणें हा तिच्या कष्टांचा अपमान झाला असता. तिनें ओळी काढिल्या, खालीं “कोनाडा” एवढेंच लिहिलें आणि फाटक्या कोपऱ्यासह तेंच चित्र दिलें. कांहीं नवशिके हल्लीं मुद्दाम साय फाडून त्यास कला म्हणतात; त्यांनींही हा भेद ध्यानांत घ्यावा.

डोंबिवली-ठाकुर्लीकडील किती तरी घरांच्या पाडापाडीच्या तारखा आज ठरत आहेत. सामान ट्रकांतून जातें; काजळी, उंबऱ्याची झीज, खिडकींतील उजेड हीं जात नाहींत. तीं वेळींच टिपावीं. चित्र पाण्यांत सोडण्यापूर्वीं मोबाइलवर त्याची एक प्रत अवश्य ठेवावी व पहिला प्रयोग कमी महत्त्वाच्या चित्रावर करावा. आणि अभिप्राय विचारावयाचा तो, ज्यानें तें घर कधींच पाहिलें नाहीं, अशा माणसास विचारावा.