दुखायची थांबलेली दाढ

व्यापारी घरांत दाढदुखी बहुधा अवेळीच उद्भवते. दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईच्या ऐन गर्दीत दाढ ठणकू लागते, आणि दुकान सोडून दवाखान्यात बसणे शक्य नसल्यामुळे गादीवर बसल्या बसल्याच लवंग दाताखाली धरली जाते. लसणाच्या पाकळीचा घरगुती उपाय जैन घरांत मुळातच वर्ज्य. लवंगेचे तेल मात्र खरोखरीच काही काळ बधिरता आणते. दंतवैद्य तात्पुरत्या भरणासाठी जे सिमेंट वापरतात, त्यातही पुष्कळदा लवंगेतील युजेनॉल हेच द्रव्य असते. दोन-चार रात्री जागून काढल्यावर एके सकाळी ठणका अकस्मात थांबतो. घरात सुटकेचा श्वास टाकला जातो आणि दंतवैद्याकडे घेतलेली वेळ रद्द होते.

दंतवैद्यकाच्या दृष्टीने नेमका हाच क्षण सर्वांत फसवा होय.

दाताच्या कठीण कवचाखाली एक पोकळी असते आणि तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा मऊ गर असतो. लोकभाषेत यालाच ‘दाताची नस’ म्हणतात. कीड या गरापर्यंत पोहोचली की त्याला सूज येते. शरीरात अन्यत्र सूज आली तर त्वचा ताणून जागा देते; दाताच्या भिंती तसूभरही हलत नाहीत. म्हणूनच ही वेदना इतकी असह्य असते, आणि आडवे पडले की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढून ती अधिकच चेतते. पुढे हा गर मरतो. मेलेल्या तंतूला वेदना कळत नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकत असतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, चावताना दात उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर लहानशी पुळी येते, तोंडात खारट चव उतरते. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो.

रूट कॅनाल म्हणजे हा बाधित किंवा मृत गर काढून, आतील नलिका स्वच्छ करून कायमची बंद करणे. या उपचाराविषयी जी धास्ती घराघरांत आहे, ती बहुतांशी उपचाराची नसून त्याआधीच्या दुखण्याची आहे. प्रथम एक्स-रे काढला जातो, नंतर हिरडीत भुलीचे इंजेक्शन दिले जाते. सुईची टोच आणि ओठ जड होणे, एवढेच बहुतेकांना जाणवते. फार सुजलेल्या दाढेत भूल कधी पुरती चढत नाही. अशा वेळी हात वर करून तसे सांगावे, भुलीची मात्रा वाढवता येते. दुखणे निमूट सोसण्यात येथे कोणतेही पुण्य नाही.

त्यानंतर दातावर रबराचा पातळ पडदा बसवला जातो. थुंकीतील जंतू आत जाऊ नयेत आणि औषध किंवा बारीक उपकरण घशात उतरू नये, ही त्याची योजना. दाताला वरून लहानसे छिद्र पाडून सुईसारख्या बारीक फाईलींनी नलिका साफ केल्या जातात. पुढच्या दातात सहसा एकच नलिका असते, दाढेत तीन किंवा चार. दाढेला वेळ आणि खर्च अधिक लागतो तो यामुळे. नलिकेची लांबी मोजण्यासाठी ओठाला एक लहान आकडा अडकवतात आणि यंत्र बारीक आवाज करते. त्याने दचकू नये. नलिका धुताना पोहण्याच्या तलावासारखा वास येतो, कारण धुण्याचे द्रावण सोडियम हायपोक्लोराइटचे असते. काम कधी एकाच बैठकीत संपते. पू असेल किंवा नलिका वाकड्या असतील, तर दोन-तीन बैठका लागतात आणि मधल्या काळात आत औषध ठेवून तात्पुरते भरण केले जाते.

शेवटी नलिका ज्या पदार्थाने भरतात, त्याचे नाव गट्टापर्चा. मलाया-सुमात्राकडील एका वृक्षाचा हा चीक. व्यापाराच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. समुद्राखालून जाणाऱ्या तारांवर गट्टापर्चाचे आवरण असे, आणि 1870 साली मुंबई अशाच समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेल्यावर परदेशी बाजाराचे भाव येथे पोहोचण्यास आठवडे लागेनासे झाले. हा पदार्थ वनस्पतिजन्य आहे, ही बाब जैन घरांतील वडीलधाऱ्यांना मुद्दाम सांगण्याजोगी.

औषधांच्या बाबतीत मात्र विचारूनच घ्यावे लागते. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडांपासून वा कातड्यापासून केलेले असते. डॉक्टर औषध लिहीत असतानाच ही अडचण सांगितली, तर बहुधा साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल निवडता येते. घरी येऊन कॅप्सूल फोडून भुकटी घेणे योग्य नव्हे. प्रत्येक रूट कॅनालला अँटिबायोटिक लागतेच असेही नाही. गालावर सूज, ताप अशी लक्षणे नसतील, तर आतील घाण काढणे हाच मुख्य उपचार असतो.

व्रताचे दिवस आणि हा उपचार यांचा मेळ घालणे अवघड नाही. फक्त दंतवैद्याला त्याची कल्पना आधी हवी. ज्यांचा चौविहार असतो, त्यांनी नवकारसी झाल्यावर व्यवस्थित जेवून सकाळची वेळ घ्यावी. भुलीचा बधिरपणा साधारण दोन ते चार तास टिकतो. तो उतरेपर्यंत खाऊ नये, कारण गाल किंवा ओठ चावला जातो आणि कळतही नाही. सकाळी काम झाले, तर दुपारचे जेवण आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण, दोन्ही वेळांना औषध घेता येते. दिवसातून तीनदा घ्यावयाचे औषध स्वतःच्या मनाने दोनदा करू नये. दोनच वेळा चालणारे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. सायंकाळी सहाची वेळ घेऊन रात्री आठ वाजता भूल उतरल्यावर ठणका सोसत बसणारे चौविहारी दरवर्षी असतात. तो त्रास वेळ बदलून टाळता येतो.

उपवासात वेदनाशामक गोळीचा प्रश्न अधिक गंभीर होय. आयबुप्रोफेनसारखी औषधे रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला अपाय करतात, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावरही भार टाकतात. अठ्ठाई किंवा मासक्षमण चालू असताना दाढ भरून घेण्याची वेळ येऊ नये, म्हणून चातुर्मास लागण्यापूर्वी दात तपासून घेणे इष्ट. आयंबिल चालू असल्यास कोरडे, कडक पदार्थ बाजूला ठेवून मऊ भात आणि शिजवलेले मूग घ्यावेत. उकळलेले पाणी निववून कोमटच प्यावे. एरवीही तात्पुरते भरण असेपर्यंत खाखरा, चिक्की आणि सुपारी यांना त्या बाजूने रजा द्यावी.

मधुमेह असल्यास उपचाराच्या दिवशी उपाशी जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणी परस्पर बंद करू नयेत. रूट कॅनालसाठी त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत, आणि थांबवण्यातच हृदयरोग्याला अधिक धोका असतो.

उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना थोडे दुखणे स्वाभाविक आहे. परंतु सूज गालावरून गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेनासे झाले, गिळताना वा श्वास घेताना अडचण आली, किंवा सुजेबरोबर ताप चढला, तर ती रात्र घरी काढू नये. दातापासून निघालेला हा संसर्ग जबड्याखाली पसरून श्वासाची वाट रोखू शकतो, आणि त्यात तासांचा हिशेब असतो. रात्रीचा त्याग आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू, असा आग्रह घरातील वृद्धांकडून होतो. तरुणांना तो मोडवत नाही. अशा प्रसंगी थेट रुग्णालय गाठावे. शिरेतून दिलेल्या औषधाला व्रताचा बाध येतो किंवा नाही, हा प्रश्न गुरुमहाराजांना मागाहूनही विचारता येईल. पूर्वाचार्यांनी पच्चक्खाणात आगारांची सोय ठेवली, ती जीव धोक्यात घालणाऱ्या व्याधीचा विचार करूनच.

राहिला प्रश्न खर्चाचा. हिशेबात चोख असलेली कुटुंबे येथे एक चूक हमखास करतात. नलिका भरून झाली, दुखणे गेले, की टोपी बसवण्याचे काम लांबणीवर पडते. किडीने आणि छिद्राने पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. वरून टोपी नसेल, तर एखादा भाजलेला चणा चावतानाही ती उभी चिरते, आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आधी केलेला सगळा खर्च बुडतो. म्हणून पहिल्याच भेटीत रूट कॅनाल, वरचे भरण आणि टोपी यांचा एकत्रित अंदाज लिहून मागावा. टोपी धातूची की सिरॅमिकची, यावर रक्कम पुष्कळ बदलते. आतल्या दाढेला धातूची टोपीही उत्तम काम देते. दाढ काढून टाकणे त्या दिवशी स्वस्त पडते, हे खरे. मात्र रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, आणि पुढे ब्रिज वा इम्प्लांट बसवायचा झाल्यास तो खर्च रूट कॅनालपेक्षा बहुधा अधिकच येतो.

टोपी बसली तरी एक भेट शिल्लक राहते. मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड भरून येण्यास महिने लागतात. म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक्स-रे काढून तो काळसर डाग पहिल्यापेक्षा लहान झाला का, हे पाहावे लागते. पहिल्या एक्स-रेची प्रत दवाखान्यातून मागून घेऊन घरच्या कागदपत्रांत ठेवली, तर दंतवैद्य बदलला तरी तुलना करता येते.