यज्ञचक्र आणि इंद्रायणीचा फेस

कार्तिक वद्य पक्षात ज्ञानेश्वर माउलींच्या संजीवन समाधीच्या सोहळ्यासाठी वैष्णवांचे मेळे आळंदीत येतात. इंद्रायणीचे स्नान हा त्या यात्रेचा पहिला विधी होय. परंतु अलीकडच्या वर्षांत या नदीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार तरंगताना भाविकांनी पाहिले आहेत. ‘तीर्थ कधी विटाळत नाही’ असे त्यावर समाधान सांगणारे आम्हां कीर्तनकारांतही आहेत. हे समाधान शास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्म, यज्ञ, पर्जन्य, अन्न आणि प्राणिमात्र यांची एकमेकांत गुंफलेली परंपरा सांगून तिला चक्र म्हटले आहे; ते चक्र जो पुढे चालवीत नाही, त्याचे जिणे तेथे व्यर्थ ठरविले आहे. यज्ञ म्हणजे केवळ अग्नीत तूप सोडणे नव्हे. जेथून घेतले तेथे परत पोहोचविणे, हा त्याचा गाभा.

आता आपल्या पायांखालची भूमी पाहा. पृथ्वीच्या कवचाखाली सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. तेथून उसळलेल्या शिलारसाचे थरावर थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पसरले आणि आपला काळा कातळ झाला. तो झिजून मुरूम, मुरमाची माती व्हावयास शतकानुशतके लागली. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते मुरते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचे प्रकरण भूमिगत जलशिरांसाठीच लिहिले आणि त्यांची तुलना मनुष्यदेहातील शिरांशी केली. चाकण, भोसरी, मोशीकडे आज त्या शिरांच्या मुखावर सिमेंट पसरले आहे. पाऊस पडतो, पण आत न शिरता गटारातून नदीकडे पळतो, आणि उन्हाळ्यात आपण विंधनविहिरी अधिकच खोल नेतो!

पाण्याचे चक्र निदान मेघ तरी पूर्ण करतात. स्फुरदाला मात्र मेघ नाहीत. नत्र हवेत असते, द्विदल धान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू ते मातीत आणतात. स्फुरद मात्र खडकाच्या झिजेतूनच मिळते आणि पिकातून अन्नात, अन्नातून देहात जाते. पूर्वी ते शेणखत, सोनखत यांच्या रूपाने शेतात परतत असे. आता लक्षावधी लोकांचे अन्न दूरच्या शेतांतून या औद्योगिक पट्ट्यात येते, आणि त्याचा शेष पुरेशी शुद्धी न होताच पुष्कळदा पवनेत वा इंद्रायणीत उतरतो. मातीचे पोषण पाण्यात गेले की जलपर्णी माजते. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. त्यातच धुलाईच्या चुऱ्यातील द्रव्ये आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळते, आणि बंधाऱ्यावरून कोसळताना त्या पाण्याचा फेस होतो. त्यात दोष केवळ धुरांड्यांचा नव्हे. आपली स्नानगृहे, धर्मशाळा आणि यात्राही त्यात आहेत, हे सांगताना श्रोते नाराज होतात, होऊ द्यावेत.

वारकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात साठते, आणि तीच पुढे पंढरीची चंद्रभागा होते. आळंदीहून पालखी निघो वा न निघो, हे पाणी विठ्ठलाच्या पायांशी नित्य जातच असते.

उपाय नाहीत असे नाही. मैल्याचे शुद्धीकरण करून उरणारा गाळ शेतीस देता येतो. निर्माल्याचे खत होते. परंतु धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे क्रोमियम, निकेल जर त्याच गटारात मिसळले, तर तो गाळ शेताच्या कामाचा राहत नाही. म्हणून घरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी आरंभापासूनच वेगळे ठेवावे, ही मागणी या पट्ट्यातील प्रत्येक दिंडीने, प्रत्येक मंदिराच्या विश्वस्तांनी लेखी करावी. लहान कारखानदारांना स्वतंत्र शुद्धीकरण परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी सामाईक केंद्रे हवीत, आणि तेथे काय जाते व काय बाहेर पडते याचे आकडे घाटावरील फलकावर, यात्रेकरूला वाचता येतील अशा अक्षरांत, रोज लावले पाहिजेत.