अमेरिकन डायमंडचे वजन

कन्हेरी म्हटले की आपल्या समाजाला बोरिवलीची बुद्धलेणी आठवतात. बारामती तालुक्यातही एक कन्हेरी आहे, आणि आजचा विषय अशा गावांतल्या माय-लेकींसाठी आहे. लग्न ठरले की त्या बारामतीच्या बाजारात जातात. कुड्या, नथ, अंगठी पाहतात. सराफ खडे दाखवून म्हणतो, "अमेरिकन डायमंड आहे, ताई."

तो हिरा नव्हे आणि अमेरिकेचाही नव्हे. झिर्कोनियम नावाच्या धातूचा ऑक्साइड प्रचंड उष्णतेत वितळवून त्याचा स्फटिक करतात, तोच हा खडा. मोठ्या प्रमाणावर तो करण्याची रीत १९७०च्या दशकात सोव्हिएत संघातील शास्त्रज्ञांनी बसवली.

हे मूलद्रव्य १७८९ साली क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सापडले, तेही श्रीलंकेहून आलेल्या झिरकॉन खड्यात. होय, त्याच श्रीलंकेतल्या, जिथे १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेला गेले होते. झिरकॉनचे बाजारात 'जरकन' झाले, आणि ज्योतिषी शुक्र बळकट करण्यासाठी तेच बोटात घालायला सांगतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात या अंगठीचे काय काम, असे आम्हांस वाटते.

या धातूचे खरे काम पाहायचे तर तारापूरला जावे. आपल्या पालघर जिल्ह्यातले हे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथे युरेनियमच्या गोळ्या लांब नळ्यांत भरतात. अणुभट्टी चालते ती न्यूट्रॉन या सूक्ष्म कणांवर. नळीनेच ते गिळले तर भट्टी विझेल. शिवाय उकळत्या पाण्यात नळी गंजताही कामा नये. झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळजवळ गिळतच नाही. त्यात सुमारे दीड टक्का कथील आणि किंचित लोखंड, क्रोमियम, निकेल घातले की गंजालाही टिकणारा मिश्रधातू होतो, त्याला झिर्कलॉय-२ म्हणतात. अडचण एवढीच की खनिजात झिर्कोनियमचा जुळा भाऊ हाफ्नियम मिसळलेला असतो आणि तो न्यूट्रॉनचा मोठा खादाड. त्याला वेगळे काढणे हेच जिकिरीचे. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे काम होते.

या धातूचा एक दोषही सांगितला पाहिजे. पाणी आटून नळ्या फार तापल्या तर तो वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात स्फोट झाले ते या हायड्रोजनचेच.

दातांच्या पांढऱ्या टोप्या आणि फरशीची पांढरी झिलई यांतही झिर्कोनियमच असते. पण आपल्या घरच्या पैशाचा प्रश्न खड्याशी आहे.

हा खडा जड असतो. एकाच आकाराचे दोन खडे घेतले तर अमेरिकन डायमंड हिऱ्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक भरतो. आता हिशेब पाहा. नथ किंवा पेंडंट काट्यावर आठ ग्रॅम भरले आणि त्यात खडे एक ग्रॅमचे असले, तर सोने सातच ग्रॅम. दुकानदाराने आठही ग्रॅमला सोन्याचा भाव लावला, तर गिऱ्हाइकाने खड्याला सोन्याचे पैसे मोजले. अडचणीच्या दिवसांत तोच दागिना मोडायला नेला की मात्र खडे आधी वजा होतात. अंगमेहनतीच्या पैशातले हे नुकसान थोडे नाही.

म्हणून बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून मागावे. खड्यांची किंमतही स्वतंत्र लिहायला सांगावी. हॉलमार्कवरचा सहा अक्षर-अंकी क्रमांक घरातल्या शिकत्या मुलीला मोबाईलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून तपासायला सांगावे. दुकानदार कुरकुर करील. त्याला म्हणावे, खडे काढून वजन करून दाखवा, नाहीतर आम्हांला बिनखड्याचे द्या.