कॉम्प्रेसर बदलला, गॅस कुठे गेला?
प्रवासी व्हॅनचा एसी गार हवा देईनासा झाला की गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बदलतात. पण पाइपचा नट सैल करताच उरलेला गॅस फस्सकन हवेत जातो. हे थांबलेच पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए वायू १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवणाऱ्या आंतरराष्ट्रीय किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, ती गॅरेजच्या दारापर्यंत यायला हवी. गॅस काढून साठवणारे यंत्र परवडत नाही, ही छोट्या गॅरेजवाल्यांची अडचण खरी आहे. म्हणून सरकारने त्यासाठी अनुदान द्यावे. ‘वेळ जातो’ ही सबब मात्र पटत नाही. वेळ वाचवायच्या नादात ओलावा शोषणारा ड्रायर न बदलता, व्हॅक्यूम न करता घाईने गॅस भरला, तर आत राहिलेल्या ओलाव्यातून आम्ल तयार होते आणि मालकाने पदरमोड करून बसवलेला नवा कॉम्प्रेसरही आतून खराब होऊ लागतो.