नेपाळ : राजपदाचा प्रश्न आणि कलम १२७

नेपाळमध्ये राजेशाही पुन्हा आणावी, या मागणीने २०२५ च्या मार्च महिन्यात जोर धरला. माजी नरेश ज्ञानेंद्र यांच्या स्वागतासाठी काठमांडू विमानतळाबाहेर समर्थकांची मोठी गर्दी लोटली. २८ मार्चच्या निदर्शनांना हिंसक वळण लागून दोघांचा मृत्यू झाला. घटनेच्या चौकटीत राहणारा राजा हवा, असे या समर्थकांपैकी अनेकांचे म्हणणे आहे. तसा राजा नेपाळला १९९० मध्ये मिळाला होता.

जनआंदोलनानंतर राजे वीरेंद्र यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य केली आणि त्या वर्षीच्या राज्यघटनेने राजाला राष्ट्रीय ऐक्याचे प्रतीक ठरवले. मात्र लष्कराचे सर्वोच्च सेनापतिपद त्याच्याकडेच राहिले. शिवाय, घटनेच्या अंमलबजावणीतील अडचणी दूर करण्यासाठी आदेश काढण्याचा अधिकार कलम १२७ ने राजाला दिला. वरवर पाहता हे कलम किरकोळ, तांत्रिक स्वरूपाचे वाटते.

१ जून २००१ च्या राजवाड्यातील हत्याकांडानंतर ज्ञानेंद्र गादीवर आले. मे २००२ मध्ये पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांच्या शिफारशीवरून संसद विसर्जित झाली. माओवादी बंडाळीमुळे मुदतीत निवडणूक घेणे सरकारला शक्य झाले नाही. ४ ऑक्टोबर रोजी राजाने याच कलमाचा आधार घेऊन देउबांना पदच्युत केले. राजाला जाब विचारणारी संसद त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. १ फेब्रुवारी २००५ रोजी तर ज्ञानेंद्र यांनी संपूर्ण सत्ता हाती घेऊन आणीबाणी पुकारली.

एप्रिल २००६ च्या आंदोलनापुढे त्यांना संसद पुनरुज्जीवित करावी लागली. संसदेने महिन्याभरातच लष्कराच्या नावातील ‘शाही’ हा शब्द काढला आणि सेनापतिपदही राजाकडून काढून घेतले. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपुष्टात आणली.

त्याच वर्षी भूतानने आपली पहिली लिखित राज्यघटना स्वीकारली. तेथे राजाला वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. संसदेचे तीन-चतुर्थांश बहुमत आणि त्यानंतरचे सार्वमत यांद्वारे त्याला पदावरून दूरही करता येते. राजा भूतानमध्येही सर्वोच्च सेनापती आहे, हे खरे. परंतु त्याला पायउतार करण्याचा मार्ग राज्यघटनेतच आखून दिलेला आहे. नेपाळच्या १९९० च्या घटनेत तो नव्हता. राजपदाच्या पुनःस्थापनेची मागणी करणाऱ्यांनी लष्कर कोणाच्या आज्ञेत राहील आणि राजाने मर्यादा ओलांडल्यास त्याला कोण रोखेल, हे आधी सांगावयास हवे.