निघोजचे रांजणखळगे आणि शाळेची सहल

शाळेची सहल ठरूं लागली कीं महाबळेश्वर, वेरूळ अशीं दूरचीं नांवें पुढें येतात. तीं स्थळें पाहूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील निघोज येथें कुकडी नदीनें कोरलेला खडक ज्या विद्यार्थ्यानें पाहिला नाहीं, त्याचा भूगोल पुस्तकांतच राहिला, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वाटेवरचे उघडे माळ आणि बाभळी पाहून पुढें कांहीं नवल असेल असें वाटत नाहीं. मग एकाएकीं जमीन दुभंगल्यासारखी होते व खालीं काळ्या पाषाणाची घळ दिसते. पलीकडचा तीर पुणें जिल्ह्यांतील टाकळी हाजीचा. घळींत जिकडे तिकडे खळगे: कांहीं घागरीएवढे, कांहीं माणूस सहज मावेल असे, कांहीं एकमेकांत फुटून कमानी झालेले. हा खडक सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. कोरणारें हत्यार मात्र अगदीं साधें. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेला गोटा गरगर फिरतो व जात्याप्रमाणें खडक दळतो. तो झिजून वाळू होतो, तोंच पुढचा पूर दुसरा गोटा आणतो. म्हणून कित्येक खळगे तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद; रांजण हें नांव लोकांनीं उगीच दिलेलें नाहीं.

कोणी पालक विचारतात, दगड पाहावयास पैसे कशाला? पावसाची वाट पाहण्यांत ज्या तालुक्याचीं वर्षें जातात, तेथील मुलांनीं पाणी आलें म्हणजे काय करूं शकतें हें पाहूं नये काय?

मात्र सहल म्हणजे नुसता फराळ नव्हे. खळग्यांत बाटल्या व कागद टाकणें आम्हांस असह्य वाटतें. आठवण म्हणून तेथील गोटा खिशांत घालणारा तर कारागिराचें हत्यारच पळवितो. पावसाळ्यांत मुलांना तेथें मुळींच नेऊं नये. वर माणिकडोह व येडगांव हीं धरणें आहेत; तेथून पाणी सुटलें तर स्वच्छ उन्हांतही पात्र चढूं शकतें. शेवाळलेल्या कडेवर धीटपणा दाखविणाऱ्यास शिक्षकांनीं मागें ओढावें, पालकांनीं त्याबद्दल रागावूं नये.

दिवाळीनंतर पाणी उतरलें कीं जावें. प्रत्येकानें दोरी, वही व पेन्सिल न्यावी, एका कोरड्या खळग्याची खोली मोजावी व त्याचें चित्र काढावें. त्यांतील चांगलीं चित्रें पुढील अंकासाठीं आम्ही मागून घेऊं.